९० रुपयांचा बुश आणि घरी जुळवलेलं सुटं धनुष्य: आठ महिन्यांनंतर

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी, ग्वाल्हेरजवळच्या डबऱ्याला मामांच्या शेतावर चौथा बाण ओढला आणि धनुष्याच्या वरच्या पात्याच्या, म्हणजे मुठीवरच्या वाकणाऱ्या भागाच्या, बुडाशी 'कट्' असा आवाज आला. बाण सोडला नाही, दोरी हळूहळू परत आणली. पाहिलं तर पातं आणि मूठ यांच्यामध्ये पोस्टकार्ड सहज सरकेल एवढी फट. आत लाकडात बसवलेला पितळी बुश, म्हणजे पात्याचा बोल्ट ज्यात पिळतो ती छोटी नळी, आट्यांसकट वर आला होता.

हे धनुष्य तयार विकत घेतलेलं नाही. मूठ मी स्वतः शिसवीची केली. लाकूड वखारीतून आणलं, आकार कानशीनं काढला आणि दिवाळीची सगळी सुट्टी त्यात घातली. पाती, बोल्ट आणि बुश एका ऑनलाइन दुकानातून मागवले, ४,२०० रुपयांना. जोडल्यावर ६२ इंच, सोडवल्यावर सर्वांत लांब तुकडा सव्वादोन फुटांचा. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या वाड्याच्या जिन्यातून पूर्ण लांबीचं धनुष्य आडवं काय, उभंही वळत नाही, म्हणून सुटंच हवं होतं. आता ते साध्या पिशवीत बसतं आणि डबऱ्याच्या बसमध्ये मांडीवर राहतं. या एका सुखासाठी मी पुन्हा एवढेच कष्ट घेईन.

पात्यांवर ३० पौंड लिहिलंय, पण तो आकडा २८ इंच ओढीचा. माझी ओढ २६, त्यामुळे हाताला २६ पौंडांच्या आसपासच लागतं. १८ मीटरवर ४० सेंटिमीटरचा कागद लावून सरावाला ते पुरेसं आहे. दोरी डेक्रॉनची, म्हणजे पॉलिएस्टर धाग्याची. नवी असताना ताणते, तेव्हा चार-दोन पीळ वाढवायचे की झालं.

आता त्या बुशाबद्दल. तो दिसतो बोटाच्या पेराएवढा, पण सगळं धनुष्य त्याच्यावर तोललेलं असतं. दोरी ओढली की पातं मुठीच्या टोकावर टेकून तरफेसारखं वागतं: बाहेरचं टोक आपल्याकडे येतं आणि बूड निशाणाच्या दिशेनं उचलायला बघतं. टेकूपुढचं पातं सुमारे दोन फूट आणि टेकू व बोल्ट यांच्यातलं अंतर जेमतेम दीड इंच. म्हणजे बोल्टवरचा ओढा हातातल्या वजनाच्या कितीतरी पट. दुकानातून आलेला बुश बाहेरून आटे असलेला, समोरून लाकडात पिळून बसवायचा. ओढ्याची दिशा आणि बुश बाहेर निघण्याची दिशा एकच! दर बाणाला तो केसभर निसटत होता आणि मला पत्ता नव्हता.

पत्ता लागायला हवा होता. दोरीपासून वरच्या आणि खालच्या पात्याच्या मुळापर्यंतचं अंतर मी दर आठवड्याला मोजून वहीत लिहितो. जानेवारीत वरचं अंतर खालच्यापेक्षा ४ मिलिमीटरनं जास्त होतं, ते बरोबरच. मार्चमध्ये ७, एप्रिलमध्ये ९. बाणही खाली पडायला लागले होते. मी समजलो, वरचं पातं मऊ पडलं. दुकानाला फोटो पाठवले, तर उत्तर आलं: पातं पाठवा, कुरिअर तुमच्या खर्चानं, परतीचंही. ६४० रुपये गेले, तीन आठवडे गेले आणि पातं 'निर्दोष' म्हणून परत आलं. पातं निर्दोष होतं हे मला आज मान्य आहे. पण माझ्या फोटोत बुश वर आलेला स्वच्छ दिसत होता, आणि तो बुश त्यांनीच विकलेला. त्यावर एक अक्षर नाही. उलट १,८०० ची तयार मूठ घ्या, असा सल्ला. या गोष्टीचा राग अजून गेलेला नाही.

जूनमध्ये मूठ घेऊन लोहिया बाजारात गेलो. लेथवर काम करणाऱ्या एका खराद्यानं ती उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाला, "इसमें चूड़ी का क्या काम, पीछे से कॉलर दो." चूड़ी म्हणजे आटे, कॉलर म्हणजे रुंद कडा. एवढंच बोलला. पितळेचे दोन बुश त्यानं माझ्यासमोर कातले, एका टोकाला रुंद कडा ठेवून. आतले आटे बोल्टाच्या मापाचे, बाहेरून गुळगुळीत. ते मुठीच्या आपल्याकडच्या बाजूनं घालायचे, म्हणजे बोल्ट जितका ओढेल तितकी कडा लाकडात घट्ट बसते. एक बुश ९० रुपये, दोन्ही मिळून १८०.

त्यानंतर वहीत १,२६० बाण आहेत आणि वरच्या-खालच्या अंतरातला फरक ४ मिलिमीटरवरून हललेला नाही.

मे महिन्यात हा अनुभव लिहिला असता तर पाती घेऊ नका असंच लिहिलं असतं. आता लिहितो की पाती चांगली आहेत. ग्वाल्हेरचा पारा ४५ च्या पुढे गेला तरी चिकटवलेले थर उसवले नाहीत, पीळ नाही, भेग नाही. अर्थात त्यांना मी उन्हात उभ्या गाडीत एकदाही ठेवलं नाही, आणि दोरी चढवताना पाय अडकवून धनुष्य वाकवत नाही. त्यासाठी चढवायची वेगळी दोरी आहे, पातं पिळण्यापासून तीच वाचवते. बाण न लावता ओढलेली दोरी सोडू नका, कोणी हौसेनं हातात घेतलं तर त्यालाही आधी हेच सांगा.

पाती मागवायची असतील तर मागवा. पण सोबतचे बुश डब्यातच राहू द्या आणि मूठ घासायला घेण्याआधी खराद्याकडे जाऊन या, कारण मागच्या बाजूला कडेसाठी २० मिलिमीटरची सपाट जागा सोडावी लागते. मला ती नंतर कोरावी लागली आणि अंगठ्याखालची नक्षी त्यात गेली.