प्रिसिजन की जॅझ?

पहिली बेस गिटार घेताना गाडी बहुतेकदा इथेच अडते. दोन्ही फेंडर या अमेरिकी कंपनीची बेस मॉडेलं: प्रिसिजन १९५१ चा, जॅझ १९६० चा.

प्रिसिजनला १९५७ पासून दोन तुकड्यांत विभागलेला एकच पिकअप (तारांचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग) आहे. दोन्ही तुकडे एकमेकांची विजेची गुणगुण (हम) मारतात. आवाज जाड, ठाम. ड्रम आणि दोन गिटारींच्या गदारोळातही तो हरवत नाही. नॉब दोनच, त्यामुळे स्टेजवर डोक्याला ताप नाही.

जॅझला दोन सिंगल कॉइल, म्हणजे एकेका वेटोळ्याचे पिकअप, प्रत्येकाचा वेगळा व्हॉल्यूम. मानेकडचा किंचित कमी करा, पुलाजवळचा (ब्रिज, म्हणजे तारा गिटारीच्या अंगावर टेकतात ती जागा) पूर्ण उघडा: सूर नाकातून आल्यासारखा, प्रत्येक बोट वेगळं ऐकू येतं. मला हा आवाज फार आवडतो! मात्र एकच पिकअप चालू ठेवला की गुणगुण सुरू. घरी रात्री छोट्या अँपवर (अँप्लिफायरवर) ती लगेच कानात भरते. नटापाशी (मानेच्या टोकाला तारा ज्या खाचांच्या पट्टीवरून जातात तिथे) जॅझची मान ३८ मिलिमीटर रुंद. प्रिसिजनची साधारण ४१ ते ४४. लहान हातांना हा फरक मोठा.

अँपचं म्हणाल तर घरी २५-३० वॉट पुरे, ड्रमरसोबत मात्र ३०० च्या आसपास हवेत. एकच बेस घेऊन कार्यक्रम करायचे असतील, तर मी प्रिसिजनच घेईन.