आवाज बारीक, सूं-सूं जास्त: चार-ट्रॅक कॅसेट यंत्र घरी साफ करावं, मेकॅनिककडे द्यावं की टेप संगणकात उतरवून मोकळं व्हावं?

ट्रंकेत भजनी मंडळाच्या किंवा भीमगीतांच्या जुन्या कॅसेट आहेत, त्या ज्यावर भरल्या ते चार-ट्रॅक यंत्रही (एकाच कॅसेटवर चार वेगळे आवाज भरणारं) घरात आहे, पण आता लावलं की गळा लांबून आल्यासारखा आणि वर नुसती सूं-सूं. तीन वाटा आहेत. कोणती धरायची हे ठरवण्याआधी दहा मिनिटांची तपासणी करा, नाहीतर दुखणं एकीकडे आणि खर्च दुसरीकडे होतो.

यंत्रालाच हेडफोन लावा, टेप थांबलेली ठेवा, फेडर (आवाजाची सरकपट्टी) वर करा. सूं-सूं तेवढीच येत असेल तर ती टेपची नाही, आतल्या सर्किटची आहे. टेप फिरायला लागल्यावरच येत असेल तर हेड (टेप वाचणारा भाग) किंवा कॅसेट बघावी लागेल. मग बाजारातली एखादी तयार गाण्यांची कॅसेट घाला, नॉइज रिडक्शन (सूं-सूं दाबणारी सोय) बंद करा आणि चारही ट्रॅक एकेक करून ऐका. ट्रॅक १-२ वर गाणं सरळ वाजेल, ३-४ वर दुसरी बाजू उलटी. यंत्र सेकंदाला ९.५ सेंमी वेगाचं, म्हणजे साध्या डेकच्या दुप्पट, असेल तर आवाज चिरका येईल, तिकडे लक्ष देऊ नका. चारही ट्रॅक सारखे दणकट वाजले तर यंत्र ठीक आहे, तुमची कॅसेट कमकुवत आहे. एकच ट्रॅक पडला तर त्या चॅनलचं दुखणं.

हेडफोनवर चांगलं आणि संगणकात बारीक, असं असेल तर यंत्राला हात लावू नका. घरगुती चार-ट्रॅकचं आउटपुट बहुतेक -१० डीबीव्ही या घरगुती पातळीचं असतं. साउंड इंटरफेस (आवाज संगणकात नेणारी पेटी) +४ या स्टुडिओच्या पातळीवर असेल तर पातळी जवळपास १२ डेसिबलनं कमी भरते, आणि ती नंतर वाढवली की सूं-सूंही तेवढीच वाढते. एक बटण किंवा सेटिंग बदलून हे मिटतं.

घरी सफाई

बहुतेक वेळा सुरुवात इथूनच करावी, कारण धुळीचा हिशोब फार कडक आहे. सेकंदाला ४.७६ सेंमी या नेहमीच्या वेगाला १० किलोहर्ट्झची लहर टेपवर फक्त ४.७६ मायक्रॉन लांब असते. हेड आणि टेप यांच्यात १ मायक्रॉनचा थर बसला की त्या स्वराचे साडेअकरा डेसिबल जातात. १०० हर्ट्झला मात्र ०.१ डेसिबलच जातो. म्हणून पखवाजाचा धुम शाबूत राहतो आणि टाळांचा खणखणाट मरतो. ऐकणारा ट्रेबल व आवाज वाढवतो, आणि अॅम्प्लिफायरची सूं-सूं वर येते. मराठवाड्यात उन्हाळ्यातली काळ्या मातीची धूळ आणि पावसाळ्यातली बुरशी, दोन्ही या थरात असतात.

९९ टक्के आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) घ्या. मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतं. सॅनिटायझर नको, त्यातलं ग्लिसरीन हेडवरच बसतं. इअरबड ओला करा, टपकेल इतका नाही, आणि हेड, टेप ओढणारी कॅपस्टनची चकाकती दांडी, टेपचे गाईड पुसा. बोळा तांबूस निघतो. पांढरा निघेपर्यंत बदलत रहा. टेप त्या दांडीला दाबणाऱ्या पिंच रोलरच्या रबराला अल्कोहोल वारंवार लावू नका, ते कडक होतं. किंचित साबणपाण्याचा बोळा पुरे, नंतर पूर्ण वाळू द्या. सफाईनंतर हेडवरून नख अलगद फिरवा. कडेला अडकलं तर हेड झिजलंय, तिथे आयपीए कामाचं नाही.

डीमॅग्नेटायझर (हेडवर साचलेलं चुंबकत्व काढणारं साधन) असेल तर यंत्र बंद, कॅसेट बाहेर. तो दूरवर चालू करा, हळू जवळ आणा, तितकाच हळू हातभर मागे नेऊन मग बंद करा. हेडजवळ असताना बंद केला तर होता त्यापेक्षा जास्त चुंबकत्व चिकटवून ठेवाल.

कॅसेटही उलटून बघा. तोंडाच्या मधोमध तांब्याच्या पट्टीवर फेल्टचा छोटा तुकडा असतो, तोच टेप हेडला दाबून धरतो. जुन्या कॅसेटचा गोंद सुटून तो गळून गेलेला असतो, मग आवाज बारीक आणि लटपटणारा. पाच स्क्रूची दुसरी रद्दी कॅसेट उघडा, आपली रिळं तिच्यात घाला. वेल्ड केलेली असली तर सांधीत पातळ पातं घालून सावकाश फोडावी लागते.

नॉइज रिडक्शनचं बटण विसरू नका. टास्कम आणि यामाहाच्या बऱ्याच यंत्रांत डीबीएक्स, फॉस्टेक्सच्या बऱ्याच यंत्रांत डॉल्बी. डीबीएक्सनं भरलेली टेप ते बंद ठेवून वाजवली तर चकाकी जास्त, हळू भागातही सूं-सूं ठळक. उलट, डीबीएक्स वाजवताना चूक दुप्पट करतं. घाणीमुळे ३ डेसिबल पडले की ऐकताना ६ पडतात. पखवाजाच्या प्रत्येक थापेमागे सूं-सूं श्वास घेतल्यासारखी येत असेल तर बटणाआधी हेड तपासा.

मेकॅनिककडे

टेप थांबलेली असतानाही आवाज येतो, एकच चॅनल मेला आहे, किंवा फेडर सरकवताना खरखर होते, अशा वेळी हीच वाट. खरखर कॉन्टॅक्ट क्लीनरनं जाते (साधं गंज काढायचं तेल नव्हे), सुकलेले इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर बदलावे लागतात. नांदेडकरांना हैदराबादची कोठीची गुजराती गल्ली जवळ, संभाजीनगरकरांना पुण्यातली तपकीर गल्ली. एक प्रश्न आधी विचारा: कॅलिब्रेशन टेप (यंत्र जुळवायची प्रमाण टेप) आहे का? नसेल तर आतले पातळीचे प्रिसेट आणि अझिमथचा (हेडच्या कोनाचा) स्क्रू फिरवू देऊ नका. टू-इन-वन दुरुस्त करण्यात हात बसलेला माणूस कानानं ते फिरवतो, आणि मग मूळ जागा कुणालाच सापडत नाही. हेड झिजलं असेल तर चार-ट्रॅकचं नवं हेड बाजारात शोधणं व्यर्थ, दुसऱ्या मृत यंत्रातून काढावं लागेल.

साधा डेक आणि संगणक

यंत्र सुधारण्यासारखं नाही, पण कॅसेट जिवाभावाच्या आहेत, तेव्हा चांगला स्टिरिओ डेक मिळवा, डॉल्बी बंद ठेवा. ट्रॅक १-२ एका बाजूनं, ३-४ उलटून, आणि ते मागून पुढे वाजतील. संगणकात त्यांना उलटवा. टेप ९.५ सेंमी वेगाची असेल (जुनं १९७९ चं पोर्टास्टुडिओ १४४ तसंच) तर संगणकात ९६ किलोहर्ट्झ सॅम्पलिंगला भरून वेग दुप्पट करा. डीबीएक्स असेल तर त्यानंतर सॉफ्टवेअरनं उलगडा. दोन्ही वेगांचं इक्वलायझेशन (ट्रेबल-बासची ठरलेली जुळणी) सारखं नसल्यामुळे ट्रेबल थोडा हातानं जुळवावा लागतो.

यातली खरी कटकट वेगळी. दोन वेळा वाजवताना डेकचा वेग ०.१ टक्क्यानं जरी वेगळा पडला तरी १५ मिनिटांत ०.९ सेकंदाची तफावत येते, आणि टाळ पखवाजाच्या मागे धावतात. दर दोन-तीन मिनिटांनी एखादी ठसठशीत थाप पकडून जोड जुळवा. दहा कॅसेट असतील तर हे जमतं. शंभर असतील तर चालणारं चार-ट्रॅक यंत्र शोधणंच स्वस्त पडेल.