जपानहून जुनी प्लग-इन हायब्रीड मागवावी, की ऑकलंडच्या यार्डातली घ्यावी?

न्यूझीलंडला येऊन ऑकलंडमध्ये भाड्याचं घर मिळालं की पुढचा प्रश्न गाडीचा येतो, आणि गाडी म्हटलं की जपान. इथेही स्टिअरिंग उजवीकडे. शिवाय जपानमध्ये नव्या गाडीची ३ वर्षांनी आणि मग दर २ वर्षांनी 'शाकेन' नावाची खर्चिक तपासणी होते, त्यामुळे तिथले लोक चांगल्या चालत्या गाड्या लवकर विकून टाकतात. प्लग-इन हायब्रीडमध्ये, म्हणजे पेट्रोलवरही चालणाऱ्या आणि घरच्या प्लगवर बॅटरी चार्ज करता येणाऱ्या गाड्यांमध्ये, मुख्यतः दोन नावं पुढे येतात, मित्सुबिशी आउटलँडर आणि टोयोटा प्रियस. गाडी ठरली तरी ती एजंटमार्फत थेट जपानच्या लिलावातून मागवायची की इथल्या डीलरच्या यार्डात आलेली घ्यायची, यावर घरोघरी खल होतो. आम्ही पहिला मार्ग धरला होता. आज विचाराल तर बहुतेकांना मी दुसरा सांगेन.

आधी पैशांचं बघू. लिलावातली बोली पाहून जीव हरखतो, कारण यार्डातल्या किमतीपेक्षा ती बरीच कमी दिसते. त्यात एजंटचं कमिशन, जपानमधली वाहतूक, जहाजाचं भाडं आणि विमा मिळवा. गाडीची किंमत, भाडं आणि विमा यांच्या बेरजेवर १५ टक्के जीएसटी लागतो. कस्टम्सचे कागद, जैवसुरक्षेची तपासणी, इथल्या नियमांप्रमाणे प्रमाणपत्र (ज्याला सगळे 'कम्प्लायन्स' म्हणतात), नंबर प्लेट आणि वॉरंट (गाडी रस्त्यावर चालवायला योग्य असल्याचा दाखला) यांचा खर्च वेगळा. कार्बन उत्सर्जनाच्या हिशोबासाठी आयात करणाऱ्याला खातंही उघडावं लागतं. हे सगळं धरल्यावर हातात उरतो तो फक्त डीलरचा नफा. डीलर एकदम अनेक गाड्या आणतो, त्यामुळे त्याचा दर गाडीमागचा खर्च आपल्यापेक्षा कमी असतो. आमची बचत झाली, पण मनात धरलेल्या आकड्याच्या निम्मीही नाही.

वेळेचं म्हणाल तर दोन-तीन महिने हाताशी ठेवा. जहाज वेळेवर येईलच असं नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये तपकिरी ढेकण्या किडे सापडले म्हणून जपानहून गाड्या घेऊन आलेली जहाजं न्यूझीलंडने परत फिरवली होती. इथल्या फळबागांना त्या किड्याचा मोठा धोका आहे, त्यामुळे तपासणीची कडक शिस्त मला पटते. पण तेवढे दिवस दुसऱ्याकडून गाडी मागून मुलांना शाळेत सोडावं लागतं, हेही खरं.

आता बॅटरी. माझ्या मते सगळा निर्णय इथेच होतो.

लिलावाचा कागद तसा प्रामाणिक असतो. साडेचार, चार, साडेतीन असे दर्जे, अपघातात दुरुस्त झालेली असेल तर 'आर', आणि गाडीच्या आकृतीवर प्रत्येक ओरखड्याची खूण. पेट्रोल गाडीसाठी एवढं पुष्कळ आहे. पण प्लग-इनमधला सर्वात महाग भाग म्हणजे बॅटरी, आणि तिची उरलेली ताकद त्या कागदावर साधारणतः नसते. २०१३ साली जपानमध्ये आलेल्या पहिल्या प्लग-इन आउटलँडरची बॅटरी १२ किलोवॅट-तासांची, म्हणजे ३०० व्होल्ट आणि ४० अँपिअर-तास. आम्ही २०१५ ची, दर्जा ४ ची गाडी घेतली. रंग चकचकीत, आसनं नव्यासारखी. गाडी आल्यावर ब्लूटूथचा छोटा रीडर लावून मोबाइलवर वाचलं तर ४० अँपिअर-तासांच्या जागी आकडा २९ निघाला. जपानच्या चाचणीत ६० किलोमीटर सांगितलेली गाडी आमच्याकडे विजेवर जेमतेम २५ जायची. फसवणूक कोणी केली नव्हती. जे विचारायला हवं होतं ते आम्ही विचारलंच नव्हतं.

यार्डात हाच रीडर तुम्ही स्वतः लावू शकता, पैसे देण्याआधी. शिवाय डीलरकडून घेतलेल्या गाडीला १९९३ चा ग्राहक हमी कायदा लागू होतो, आणि वाद झालाच तर १ लाख डॉलरपर्यंतच्या दाव्यासाठी मोटार वाहन न्यायाधिकरण आहे. स्वतः आणलेल्या गाडीचे आयातदार आपणच. जपानमधल्या विक्रेत्याकडे दाद कुठून मागणार? कंपनीची इथली बॅटरी वॉरंटीही अशा गाडीला मिळेल असं धरू नका.

एक तिसरा पर्यायही आहे, पण पुष्कळ जण त्याच्याकडे बघतच नाहीत. प्लग-इन आउटलँडर २०१४ पासून इथे नवीही विकली गेली आहे. अशी एका मालकाची गाडी थोडी महाग पडते, पण पडदा इंग्रजीत असतो, रेडिओ चालतो, सर्व्हिसची वही वाचता येते. जपानी गाडीत नकाशा जपानी, रेडिओ ९० मेगाहर्ट्‌झच्या पुढची एफएम स्टेशनं धरत नाही (त्यासाठी वेगळा भाग बसवावा लागतो), आणि डिकीतला प्लग १०० व्होल्टचा, त्यावर आपली २३० व्होल्टची इस्त्री किंवा कुकर चालत नाही. जपानहून आलेली चार्जिंगची केबल अडॅप्टर लावून वापरू नका. इथल्या वीजपुरवठ्यासाठी प्रमाणित केबल घ्या, तो खर्च आधीच धरा.

गाडी कोणती? पाच माणसं, आई-बाबा सुट्टीला येणार, सामान भरपूर, तर आउटलँडर. २०१७ ची प्रियस प्लग-इन ८.८ किलोवॅट-तासांची आहे आणि पेट्रोलवरही काटकसरीने चालते. पण २०१९ पर्यंतच्या गाड्यांत आसनं चारच, आणि डिकी उथळ. क्राइस्टचर्चसारख्या थंड गावात आणखी एक गोष्ट बघा. आउटलँडरच्या काही खालच्या मॉडेलांत विजेचा हीटर नाही, त्यामुळे उबेसाठी इंजिन सुरू होतं आणि सकाळचा विजेचा प्रवास पेट्रोलवर जातो. प्रियसमध्ये हीट पंप आहे.

रस्त्याचा कर विसरू नका. १ एप्रिल २०२४ पासून प्लग-इन हायब्रीडला दर १००० किलोमीटरला ३८ डॉलर भरावे लागतात, वर पेट्रोलमधला कर आहेच. समजा आउटलँडरला १०० किलोमीटरला २० युनिट लागतात आणि वीज ३० सेंट युनिट आहे. विजेचे ६ डॉलर, कराचे ३.८०, म्हणजे जवळपास १० डॉलर. साधी, प्लग नसलेली प्रियस साडेचार लिटरमध्ये तेवढंच जाते, पेट्रोल २.७० धरलं तर १२ डॉलर. फरक एवढाच! आउटलँडर नुसत्या पेट्रोलवर पळवली आणि ८ लिटर लागले, तर कर धरून २५ च्या वर. घरी रात्रीच्या स्वस्त दराने रोज चार्ज करणार असाल आणि रोजचा फेरा ३० किलोमीटरच्या आत असेल, तरच प्लग-इन घ्या. भाड्याच्या फ्लॅटमध्ये प्लगची सोय नसेल तर साधी हायब्रीड बरी.

पुण्या-मुंबईचे नातेवाईक विचारतात, परत येताना हीच गाडी घेऊन येता येईल का? भारतात आणायची जुनी गाडी बनून ३ वर्षांपेक्षा जास्त झालेली चालत नाही आणि ती फक्त मुंबई बंदरातूनच येऊ शकते, इतर अटी वेगळ्या. म्हणून ही गाडी इथेच विकायची आहे असं धरूनच हिशोब करा.

तरीही स्वतः मागवायचीच असेल, कारण विशिष्ट रंग किंवा मॉडेल इथे मिळत नाही, तर बोली लावण्याआधी एजंटकडून बॅटरीच्या रीडिंगचा फोटो मागा. तो द्यायला तयार नसेल तर ती गाडी सोडा. यार्डात जाणार असाल तर आदल्या रात्री गाडी पूर्ण चार्ज करून ठेवायला सांगा, सकाळी हीटर बंद करून स्वतः चालवा, आणि इंजिन पहिल्यांदा सुरू होईल तेव्हा ट्रिप मीटर वाचा. ३० किलोमीटरच्या वर असेल तर किमतीचं बोलायला बसा.