नगररचनाकार व्हायचं की शहराचा अभ्यासक?

एम.प्लॅन (नगरनियोजनाची पदव्युत्तर पदवी) करून नगररचनेत जायचं, की टाटा इन्स्टिट्यूटसारख्या ठिकाणी नागरी धोरणाचं एम.ए. करून संशोधनात? हे विचारणाऱ्याला मी आधी पहिली पदवी विचारतो. एमपीएससीतर्फे भरल्या जाणाऱ्या नगररचना विभागातल्या पदांना स्थापत्य, वास्तुशास्त्र, नगरनियोजन अशी मूळ पदवी लागते. अर्थशास्त्रवाल्यांना एम.प्लॅनला प्रवेश मिळू शकतो, पण तेवढ्यावर इथलं सरकारी दार उघडेलच असं नाही. हे अनेकांना दोन वर्षं आणि बरीच फी घालवल्यावर कळतं.

नगररचनाकाराने आराखड्यावर मारलेल्या रेघेला १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याचं बळ असतं. डीपीत, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यात, जमिनीवर मैदानाचं आरक्षण पडलं की जमीनमालकाची झोप उडते. अर्थात म्हणूनच त्या रेघेवर सगळ्यांचा डोळा. मुंबईच्या २०३४ च्या आराखड्याचा पहिला मसुदा २०१५ मध्ये टीकेच्या गदारोळात फेरतपासणीला गेला आणि मंजुरी यायला २०१८ उजाडलं. शिवाय आराखडे रोज होत नाहीत. महापालिकेत दिवस जातो तो बांधकाम परवानग्या, एफएसआय (भूखंडावर किती बांधकाम करता येईल याचं प्रमाण) आणि सामासिक अंतरांत (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा). खासगी सल्लागाराकडे गेलात तर टेंडरच्या मुदतीमागे धावणं आलं.

अभ्यासकाच्या अहवालाला असं बळ नाही, पण त्याला वेगळे प्रश्न विचारता येतात. आरक्षित जागेवर आज ज्यांचं पोट चालतं, ते उद्या कुठे जाणार? ७४व्या घटनादुरुस्तीने आर्थिक व सामाजिक विकासाचं नियोजनही नगरपालिकांच्या कामांच्या यादीत घातलं; प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी ते यादीतच राहिलं. ही पोकळी संस्था आणि संघटना भरतात. पुण्यात १९९३ पासून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने कचरावेचकांना संघटित केलं आणि त्यांच्या कामामुळे महापालिकेचा किती खर्च वाचतो, याचा हिशेब मांडला गेला. २००८ मध्ये त्यांच्याच 'स्वच्छ' या सहकारी संस्थेशी महापालिकेने करार केला. मला हा हिशेब कित्येक रंगीत नकाशांपेक्षा मोलाचा वाटतो.

पोटापाण्याचं मात्र स्पष्ट बोलायला हवं. संशोधनातली नोकरी बहुधा प्रकल्पाच्या निधीवर चालते. निधी संपला की पुन्हा अर्ज. पीएच.डी. नसेल तर वरच्या जागा मिळणं अवघड. सरकारी नगररचनाकाराला बदल्या आणि राजकीय दबाव असतो, पण पगार वेळेवर होतो.

मूळ पदवी स्थापत्य किंवा वास्तुशास्त्राची असेल तर आधी नगररचनाच करावी. चार-पाच वर्षं हरकती-सूचनांच्या सुनावण्या पाहिलेल्या माणसाला संशोधनात मान मिळतो. उलटी वाट पात्रतेच्या अटींपाशीच अडते. अर्थशास्त्र, समाजशास्त्र, भूगोलवाल्यांनी पदनामाच्या मागे न लागता थेट संशोधनात जावं. फक्त जीआयएस (संगणकावर नकाशा आणि माहिती जोडण्याचं तंत्र) शिकावं आणि डीपीचा अहवाल नकाशासकट वाचता यायला हवा, नाहीतर नगररचना कार्यालयात तुमची पहिलीच बैठक पाच मिनिटांत आटोपते.