मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना : घ्यावी का?

बी.कॉम. करून घरी बसले होते. राज्य सरकारच्या महास्वयम या रोजगार पोर्टलवर या योजनेसाठी नोंदणी केली आणि तालुक्याच्या एका सरकारी कार्यालयात प्रशिक्षणार्थी म्हणून लागले. प्रशिक्षणाच्या काळात विद्यावेतन मिळतं: पदवीधराला महिना 10,000, आयटीआय-पदविकेला 8,000, बारावीला 6,000 रुपये, थेट खात्यात. पत्रांची आवक-जावक नोंद, फायलीच्या पानांना क्रमांक देणं म्हणजे पृष्ठांकन, साहेबांपुढे विषय मांडणारी टिपणी हे सगळं हाताखालून गेलं. अव्वल कारकून मॅडमनी माझी पहिली टिपणी लाल पेनाने खोडून पुन्हा लिहायला लावली. तेव्हा कुठे हात बसला! 2024 मध्ये मुदत सहा महिने होती, पुढे अकरा केली. पण नंतर नोकरीची हमी नाही, आणि हेच मनाला फार लागतं. शिकवून तयार केलेली मुलं परत घरी का पाठवायची? प्रमाणपत्राला भरतीत गुण द्यायलाच हवेत. अर्ज जरूर करा, मात्र प्रशिक्षणासाठी सरकारी कार्यालयाऐवजी खासगी आस्थापना, म्हणजे कंपनी किंवा उद्योग, मिळत असेल तर ती आधी बघा. तुमचं काम पसंत पडलं तर त्यांना तुम्हाला पुढे नोकरीत ठेवून घेता येतं.