हवेचा वॉकर बूट आणि त्याच्यासोबतचं सामान : घोटा मोडल्यानंतरचा अनुभव

घोट्याचं फ्रॅक्चर झालं की सर्जिकलच्या दुकानात पहिला प्रश्न येतो, "प्लास्टर केलंय की बूट लिहून दिलाय?" बूट म्हणजे गुडघ्याच्या खालपासून बोटांपर्यंत येणारा वॉकर. दोन्ही बाजूंना कडक पट्ट्या, आत फोमचं अस्तर, त्यात हवेच्या पिशव्या आणि वर फुगवायचा छोटा पंप. ऑनलाइन त्याच्याखाली शेकडो अभिप्राय आहेत, पण बहुतेक माल घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी लिहिलेले. "पॅकिंग छान, साइज बरोबर." दुसऱ्या दिवशी या बुटातलं काहीही कळत नाही. मी तो पावसाळ्यात घेतला, दिवाळीच्या आसपास सुटला, आणि त्यानंतर उन्हाळाभर उरलेल्या सामानाशी झटापट चालली. माझं मत आधीच सांगते: बूट चांगला आहे, घ्या. पण तुम्हाला परत पळायचं असेल तर तुमचे पैसे आणि धीर बूट सुटल्यानंतरच्या महिन्यांसाठी राखून ठेवा.

तुलना करता यावी म्हणून माझी केस. चाळिशीच्या आसपास वय, बँकेत नोकरी, सकाळी पळायची सवय. स्पर्धेत नाव देते ते टी-शर्टसाठी. रविवारी संभाजीनगरच्या विद्यापीठामागच्या गोगाबाबा टेकडीवर आमचा गट जातो. ओल्या मुरमावरून उतरताना उजवा पाय वळला आणि मी बसले. गटातले सगळे ठामपणे "मुरगळलाय" म्हणत होते. मुरगळला की मोडला हे चाचपायचे नियम ओटावातल्या डॉक्टरांनी १९९२ साली मांडले, आणि ते डोंगरात जाणाऱ्या प्रत्येकाला पाठ असावेत. घोट्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या हाडाच्या मागच्या कडेवर, खालच्या ६ सेंमीच्या पट्ट्यात दाबून दुखतंय का? पडल्यावर लगेच आणि नंतर तपासतानाही चार पावलं टाकता येत नाहीत का? यातलं एकही असेल तर एक्स-रे काढायचा. मला दोन्ही होतं.

एक्स-रेत नडगीशेजारच्या बारीक हाडाला, फिब्युलाला, सांध्याच्या पातळीवर तिरकी चीर निघाली. याला वेबर बी म्हणतात. चीर सांध्याच्या खाली असेल तर ए, वर असेल तर सी. माझी आतली बाजू शाबूत होती आणि सांध्याची खोबण फाकलेली नव्हती, म्हणून ऑपरेशन टळलं. ज्यांना प्लेट-स्क्रू बसलेत त्यांनी पायावर वजन कधी टाकायचं हे माझ्या अनुभवावरून अजिबात ठरवू नये. सासूबाईंना गावाकडचा एक हाड बसवणारा माहीत होता. "अगं, तेल लावून एकदा नीट बसवून घे, लई गुण आहे त्याच्या हाताला." ताज्या फ्रॅक्चरवर मालिश करायचं नसतं हे त्यांना डॉक्टरांनीच समजावलं, माझं ऐकलं नसतं.

आता बूट. मला तो साडेतीन हजारांच्या आसपास पडला. सगळ्यात मोठी सोय म्हणजे तो निघतो. अंघोळ करता येते, सूज रोज डोळ्यांनी दिसते, आणि डॉक्टर हो म्हणाले की दिवसातून चार वेळा काढून घोटा हळूहळू वर-खाली हलवता येतो. प्लास्टरमध्ये यातलं काही नाही. अडचणही तीच आहे. बूट निघतो म्हणून घरच्या घरी "एवढंच तर जायचंय" म्हणत तो न घालता उठायचा मोह रोज होतो. माझा बूट रात्री पलंगाच्या कडेला नव्हे तर पायातच असायचा, सुरुवातीला तसं सांगितलंच होतं.

हवा भरायची ती बसून, टाच अगदी मागे टेकवून. आधी पट्टे खालून वर आवळायचे, मग पंप. सकाळी पाय बारीक असतो, संध्याकाळी सुजतो, त्यामुळे सकाळी भरलेली हवा चारच्या सुमारास टोचायला लागते. बोटांना मुंग्या आल्या किंवा बोटं थंड पडली की लगेच सोडायची. आणि पोटरी एका जागी दुखून गरम, लाल झाली किंवा दम लागला, तर तो बुटाचा दोष समजून बसू नका. पाय बांधून ठेवला की शिरेत गुठळी होऊ शकते, थेट दवाखान्यात जायचं.

बुटाची खरी परीक्षा ऑक्टोबरात झाली. संभाजीनगरचं ऑक्टोबरचं ऊन, दुपारी गेलेली लाइट आणि पोटरीला गुंडाळलेला जाड फोम. घामाने अस्तर ओलं होतं, ओल्यावर कातडी घासते, आणि घासलेल्या जागी खाज. पावडर टाकून पाहू नका, आत तिचं पीठ मळलं जातं. गुडघ्यापर्यंतचे पातळ सुती मोजे आणि दुसरं अस्तर हाच उपाय. अस्तर वेगळं मिळतं का हे दुकानदाराला बूट घेतानाच विचारा, नंतर तो "कंपनीला कळवतो" म्हणतो. एक पायात, एक गच्चीवर. आपल्याकडच्या उन्हाचा एवढा फायदा की धुतलेलं अस्तर जेवण होईस्तोवर कडकडीत वाळतं.

वेल्क्रोबद्दल कुठेच वाचलं नव्हतं. त्याची खरखरीत बाजू निऱ्यांना, परकराच्या कडेला, ओढणीला, चादरीला, दिसेल त्याला धरते. एका इरकलीचा काठ त्याने असा ओढला की दोन बोटं रुंदीचे धागे बाहेर आले. पट्ट्याचं टोक उलटं राहिलं की हमखास. मग बूट सुटेपर्यंत गुडघ्याखाली आखूड पलाझो घातले आणि धुताना वेल्क्रोतला कचरा जुन्या टूथब्रशने काढला. नाहीतर महिन्याभरात तो चिकटायचाच बंद होतो.

तळ जाड आणि पुढे-मागे गोलसर असतो, त्याने पाऊल आपोआप पुढे लोटलं जातं. सपाट फरशीवर हे मस्त. पण त्या जाडीने एक पाय उंच होतो आणि कंबर दुखायला लागते. दुसऱ्या पायात घरातही जाड तळाचा बूट घालायचा. माझा पळायचाच जुना जोड कामी आला, फक्त डावा. खडी उखडलेल्या गल्लीत मात्र हा गोल तळ डुलतो, आणि ओल्या शहाबादीवर त्याचा काही भरवसा नाही. आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी ड्रम, बादल्या, पातेली, सगळं भरणं चालतं आणि मागची पडवी ओलीचिंब. त्या दिवशी मी एका खोलीत बसून राहायचे आणि पाणी भरायचं काम नवऱ्याकडे. कुबड्या वापरणाऱ्याने पाण्याच्या दिवशी पडवीत पाऊल टाकू नये, हा आमच्या घरचा कायदा झाला होता.

कुबड्यांबद्दल थोडक्यात. वरची गादी बगलेत रुतवायची नाही, दोन-तीन बोटांचं अंतर ठेवून भार तळहातांवर घ्यायचा. नाहीतर बगलेतली नस दबून हाताला मुंग्या येतात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. खालची रबरी टोपी झिजते, ती दर आठवड्याला उलटून बघा. नवी जोडी फार महाग नाही. आणि संडास भारतीय असेल तर त्यावर ठेवायची कमोड खुर्ची बुटाच्या आधी घरात आणा. यात लाजण्यासारखं काही नाही.

स्कूटीला पायाचा ब्रेक नसतो, तेव्हा बूट घालून चालवली तर काय बिघडतं, असं मला बँकेतल्या तिघांनी तरी सुचवलं. सिग्नलला पाय कुणाचा टेकायचा हे त्यांनी सांगितलं नाही. मी रिक्षाने गेले. आधी पाठमोरं बसायचं, मग पाय आत ओढायचे.

साधारण सहा आठवड्यांच्या पुढे हाड धरल्याचं एक्स-रेत दिसलं आणि बूट उतरला. आता सगळ्या घराला वाटतं, झालं, बरी झाली. पोटरी मात्र डावीच्या निम्मी दिसत होती आणि घोटा लाकडाचा. मांडी घातली की बाहेरचं हाड फरशीवर टेकून कळ यायची. जिना चढताना काही नाही, उतरताना मात्र मी एकेका पायरीवर दोन्ही पाय आणायचे. फिजिओथेरपिस्टने याचं कारण दाखवलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला: उतरताना पुढचा पाय नव्हे, मागे राहिलेल्या पायाचा घोटा सगळ्यात जास्त वाकतो. तो वाकत नसेल तर टाच उचलली जाते आणि माणूस पुढे पडतो.

हे मोजायची युक्ती फुकट आहे. भिंतीसमोर पाऊल ठेवायचं, टाच जमिनीला चिकटवून गुडघा भिंतीला लावायचा. लागला की पाऊल थोडं मागे. टाच न उचलता अंगठा भिंतीपासून किती सेंमी मागे जातो ते पट्टीने मोजायचं, मग दुसऱ्या पायाचं. डाव्या पायाने माझे दहाच्या वर सहज जायचे. उजव्याचा अंगठा भिंतीला चिकटवूनही गुडघा पोचत नव्हता. मुलाची शाळेची पट्टी मी फरशीवर चिकटपट्टीने लावूनच ठेवली. आठवडा-आठवडा काटा हलत नाही, मग एकदम अर्धा सेंमी मिळतो. दुखण्यापेक्षा हा आकडा जास्त खरं बोलतो. दुखणं हवेवर, चालण्यावर, झोपेवर बदलतं.

रबरी पट्टा हा माझ्या यादीतला सगळ्यात वसूल झालेला पैसा. रंगांवरून त्याचा जोर कळतो, बहुतेक ठिकाणी पिवळा हलका, मग लाल, हिरवा, निळा, काळा. खाटेच्या पायाला बांधून पाऊल चारही दिशांना ओढायचं. लाल पट्टा दोन महिन्यांत चिरला, उन्हात वाळत टाकला होता सासूबाईंनी, धुणं समजून. त्याच्यापुढची पायरी एका पायावर उभं राहून टाच उचलायची. डावीने वीस-पंचवीस सलग होतात, उजवीने सुरुवातीला एकही नाही. दोन्ही पायांवर वर जायचं आणि एकट्या उजव्यावर हळू खाली यायचं, असं करत करत ती पोटरी भरली. पळायला परवानगी मिळण्यात या व्यायामाचा वाटा इतर कशाहूनही मोठा आहे, आणि कंटाळाही याचाच.

तोल साधायचा गोल लाकडी वॉबल बोर्ड मी हौसेने घेतला. नसता घेतला तरी चाललं असतं. चौपदरी घडी केलेल्या गोधडीवर एका पायावर उभं राहून दात घासणं तेवढंच काम करतं. डोळे मिटले की खरी गंमत कळते. बोर्ड सध्या दिवाणाखाली आहे आणि धाकटा त्यावर गाड्या फिरवतो.

अर्धा तास झपझप चालून दुखत नाही आणि एका पायावर उड्या मारता येतात, हे दोन्ही झाल्यावर गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलात एक मिनिट पळणं, चार मिनिटं चालणं सुरू केलं. एकाच दिशेने फेऱ्या मारल्या तर वळणावर एकाच घोट्यावर ताण येतो, म्हणून गर्दी नसेल तेव्हा दिशा बदलायची. त्यावर एक काका रोज रागावायचे, "उलटं काहून पळता बाई?" सूज संध्याकाळी अजून येते. घोट्याच्या फ्रॅक्चरनंतर ती सहा महिने, कुणाकुणाला वर्षभरही राहते. एप्रिलच्या उन्हात पायाचा आकार पाहून घाबरू नका. पळून आल्यावर आलेली सूज दुसऱ्या दिवशी सकाळी उतरलेली असावी. नसेल तर पुढचा दिवस सुट्टीचा.

घोट्याला आधार देणाऱ्या पट्ट्यात, म्हणजे ब्रेसमध्ये, दोन प्रकार वापरले. ताणायचा पायमोजा घातला की बरं वाटतं, पण पाय वळायचा तो वळतोच. लेस आणि आडव्या पट्ट्यांचा ब्रेस खरा आधार देतो. तो मात्र नेहमीच्या बुटात बसत नाही, आतला सोल काढावा लागतो किंवा अर्धा नंबर मोठा जोड. सपाट रस्त्यावर मी तो घालत नाही, टेकडीवर घालते.

पाहुणे आले म्हणून दौलताबादला जाणं झालं. किल्ला चढताना काही वाटलं नाही. उतरताना अंधारीतल्या, म्हणजे किल्ल्यातल्या काळोख्या भुयारी वाटेतल्या, उंच-सखल पायऱ्यांवर मात्र उजव्या पायाला पट्टीवर डाव्यापेक्षा अजून कमी पडणारा दीड सेंमी पावलोपावली जाणवला. भिंतीला हात लावत, पाहुण्यांच्या मागून उतरले. गोगाबाबाचा उतारही सध्या चालतच उतरते, गट खाली थांबतो, चहा सांगून ठेवतो.

पुन्हा घ्यायची वेळ आली तर बूट हाच घेईन, पण दोन अस्तरांसह आणि दुकानात पंप दहा मिनिटं फुगवून ठेवून पाहून. माझ्या बुटाची डावी पिशवी शेवटी शेवटी दोन तासांत बसायची आणि बिल कुठे गेलं ते सापडलं नाही. पंप नसलेला साधा फोमचा बूट स्वस्त असतो. सूज कमी असणाऱ्याला तोही पुरेल, डॉक्टरांना विचारून घ्या. पायाच्या मापाचा तक्ता पाहताना चपलेचा नंबर नव्हे, नेहमी घालायच्या बुटाचा नंबर धरा. मध्ये पडत असाल तर मोठा घ्या, पायमोजा आणि सूज मिळून ती जागा भरते. माझा बूट आता जाऊबाईंच्या भावाकडे जालन्याला गेलाय, नव्या अस्तरासकट. वेल्क्रोचं त्याला सांगितलंय, पण तो जीन्स घालतो.