राफेल की तेजस? पानठेल्यावरचा वाद

नागपूरजवळच्या हिंगण्याकडच्या गावांत लढाऊ विमानांचा विषय निघाला की दोन तट पडतात: एक फ्रान्सच्या राफेलचा, दुसरा देशी तेजसचा. नागपूरला हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय, तिथल्याच मिहान प्रकल्पात राफेल बनवणाऱ्या दसॉची भागीदारी असलेला कारखाना. त्यामुळे प्रत्येकाजवळ ‘आतली खबर’ असतेच.

राफेलवाले म्हणतात, “पैसे मोजा अन् तयार माल घ्या.” माल चोख आहे, पण निर्णयाचं काय? १२६ विमानांची निविदा २००७ ची. २०१२ मध्ये राफेल निवडलं. मग एचएएल या सरकारी विमान कंपनीत बनणाऱ्या विमानांची हमी कोणी घ्यायची यावर घोडं अडलं, अन् २०१५ मध्ये सगळंच गुंडाळलं. शेवटी २०१६ मध्ये फक्त ३६ घेतली. करार झाल्यावर मात्र २०२२ पर्यंत सगळी आली.

तेजसचं उलटं. २०२१ मध्ये ८३ विमानांची ऑर्डर एचएएलला गेली, पहिलं विमान मार्च २०२४ ला यायचं होतं. पण ‘स्वदेशी’ विमानाचं इंजिन अमेरिकेचं, जीई कंपनीचं. त्या ऑर्डरमधलं पहिलंच इंजिन मार्च २०२५ ला पोचलं. घरचा गोऱ्हा, पण वेसण दुसऱ्याच्या हातात! तरी २०२५ मध्ये आणखी ९७ मागवली.

इकडे हवाई दलाला मंजूर स्क्वॉड्रन (लढाऊ विमानांच्या तुकड्या) ४२, अन् सप्टेंबर २०२५ मध्ये जुनी मिग-२१ विमानं गेल्यावर उरल्या २९.

मला विचाराल तर संख्या तेजसनंच भरावी. राफेल थोडीच घ्यावीत, पण त्यासाठी पुन्हा नऊ वर्षं चर्चेत घालवू नये, बाप्पा.